खालच्या मजल्याला न कळता बँड कसा वाजवायचा

घोडबंदर रोडवरचा टॉवर असो की नेरुळमधली सिडकोची जुनी इमारत, पाच जणांचा बँड रात्री साडेनऊला घरात वाजायला लागला की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी इंटरकॉम, मग वॉचमन, मग सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज. नोकरी करून वाजवणाऱ्यांना सवड मिळते ती नेमकी याच वेळेला. जॅम रूमचे, म्हणजे भाड्याच्या सराव खोलीचे, तासाचे पैसे आठवड्यातून दोनदा परवडत नाहीत, आणि वागळे इस्टेटमधला कोणाचा तरी गाळा दर वेळी मोकळा असेलच असं नाही. मग कोणीतरी सुचवतं, सगळ्यांनी हेडफोन लावून वाजवूया. त्यासाठी लागणारं सामान बाजारात भरपूर आहे. पण बरेच जण आधी महागडे हेडफोन घेतात आणि मग ड्रमरच्या पायाचा आवाज खाली जातोच आहे म्हणून डोक्याला हात लावतात.

खरेदीच्या आधी एक प्रश्न सोडवा. आपल्या बँडमधला कोणता आवाज तारेतून, म्हणजे वायरमधून, जातो आणि कोणता जात नाही? तारेत शिरलेला आवाज कोणाच्या कानात किती सोडायचा हे आपल्या हातात असतं आणि ते काम तुलनेने स्वस्तात होतं. जो आवाज हवेतून किंवा जमिनीतूनच निघतो, त्यावर हेडफोनचा काही उपाय चालत नाही. पैसे आणि डोकं आधी त्याच्यावर खर्च करावं लागतं.

भिंतीबद्दल आधी बोलू, कारण सगळ्यांची पहिली धाव तिकडेच असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. अकूस्टिक ड्रम किट खोलीत सहज १०० डेसिबलच्या वर जातो. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. आता प्लास्टर केलेली साडेचार इंची विटांची भिंत बरीच चांगली असते, ती चाळीसेक डेसिबल अडवते. पण आपल्याकडच्या अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना फटी असतात, त्या त्याच्या जवळपासही अडवत नाहीत. आवाज सगळ्यात कमकुवत जागेतून बाहेर पडतो, त्यामुळे भिंतीवर कितीही फोम लावा, खिडकी तशीच असेल तर बाहेर फरक पडत नाही. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको. ट्रे आणि फोम खोलीच्या आतला घुमारा थोडा कमी करतात, आवाज अडवत नाहीत. अडवायला वजन लागतं, आणि भाड्याच्या टू बीएचकेमध्ये दुसरी भिंत कोणी बांधू देत नाही.

म्हणून तारेकडे वळू. इलेक्ट्रिक गिटार, बेस, कीबोर्ड ही वाद्यं मुळात तारेचीच आहेत. अॅम्प्लिफायर काढून टाकला की इलेक्ट्रिक गिटारचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. ठाणे-नवी मुंबईकडच्या आगरी-कोळी हळदींत गाजणारा बेंजोही याच गटातला, कारण त्याला पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग, असतो. बेंजो पार्टीला मैदानात ऐकलेल्या माणसाला हे पटणार नाही, पण तो दणका स्पीकरचा असतो. वाद्य स्वतः हळू बोलतं आणि हेडफोनवर छान वाजतं.

गिटारवाल्यांनी मात्र एक गोष्ट सांभाळायला हवी. गिटार थेट मिक्सरमध्ये, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रात, लावली की आवाज पातळ आणि मरगळलेला येतो. साध्या पिकअपला साधारण १ मेगाओहम इंपीडन्सचा (म्हणजे सिग्नलला होणाऱ्या विरोधाचा) इनपुट लागतो, आणि मिक्सरच्या माइक इनपुटचा इंपीडन्स काही किलोओहमच असतो. मधे डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी, लावला की हे सुटतं. काही मिक्सरवर ‘हाय-झी’ किंवा ‘इन्स्ट्रुमेंट’ असं बटण असतं, त्यानेही काम होतं. डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटका केलेला आवाज, वापरत असाल तर तेवढ्यावर भागत नाही. गिटार अॅम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापून टाकतो, आणि आपण ज्याला गिटारचा टोन म्हणतो त्यात या कापण्याचा मोठा वाटा असतो. स्पीकरच नसला की कानात मधमाश्या घोंघावल्यासारखं ऐकू येतं. म्हणून कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या खोक्याची नक्कल) असलेला मल्टी-इफेक्ट पेडल घ्या. आजकाल स्वस्तातल्या पेडलमध्येही ती सोय असते, फक्त सेटिंगमध्ये ती चालू आहे ना हे बघा. गिटारलाच खोचून हेडफोन लावायचे छोटे अॅम्प मिळतात, ते एकट्याच्या रियाजाला उत्तम आहेत, पण बँडसाठी त्यांचा आवाज मिक्सरपर्यंत नेणं कटकटीचं होतं.

आता अवघड मंडळी. मराठी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड इतका रुळलाय की तो जपानी कंपनीचं यंत्र आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ चा. हेडफोन सरावासाठी त्याच्याइतकं सोयीचं तालवाद्य दुसरं नाही. आठ पॅड, एक स्टँड, आणि रबरावर काठी पडल्याची टकटक. तीही कमी करायची तर पातळ काठ्या घ्या. पूर्ण इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घ्यायचा असेल तर जाळीच्या म्हणजे मेश पॅडचाच घ्या. रोलँडने १९९७ साली मेश पॅड आणल्यापासून काठीचा प्रश्न जवळजवळ मिटलाय. रबरी पॅडचे किट स्वस्त असतात, पण शेजारच्या खोलीत झोपलेल्या बाळाला तो फरक पहिल्या दिवशी कळतो.

काठीचं मिटलं, पायाचं राहिलं. किक, म्हणजे पायाने वाजवायचा ड्रम. त्याचं पेडल दाबलं की बीटर, म्हणजे पुढचा हातोडा, पॅडवर आपटतो, तो धक्का स्टँडमधून लादीत आणि लादीतून स्लॅबमध्ये जातो. हा आवाज हवेतून जातच नाही, म्हणून वाजवणाऱ्यांच्या खोलीत तो किरकोळ वाटतो आणि खालच्या घरात छतावर कोणी खलबत्ता कुटतंय असं ऐकू येतं. मायवान शटरिंगच्या, म्हणजे धातूच्या साच्यात ओतलेल्या, नव्या टॉवरमध्ये भिंती आणि स्लॅब एकाच काँक्रीटचे असतात. हवेतला आवाज त्या चांगला अडवतात, पण आपटण्याचा धक्का दोन-तीन मजले घेऊन जातात. जुन्या सिडको इमारतींमध्ये प्रकार उलटा: बोलणं शेजारी ऐकू जातं, पाय त्यामानाने कमी. आपली इमारत कोणत्या प्रकारची आहे त्यावरून खर्च ठरवा.

पायावर उपाय दोन. पहिला, बीटर नसलेलं पेडल. यामाहाच्या केयू-१०० मध्ये बीटरच नाही. रोलँडच्या केटी-१० मध्ये बीटर आतल्या बाजूला उलट्या दिशेने हलतो आणि आवाज पुष्कळ कमी होतो. ड्रमर कुरकुर करतात, कारण पायाला खऱ्या पेडलसारखा प्रतिसाद मिळत नाही. तरीही पहिल्या खेपेला मी तेच घ्यायला सांगतो. दुसरा उपाय म्हणजे तरंगता प्लॅटफॉर्म. १८ मिलिमीटरचे प्लायवूडचे दोन तुकडे, मधे टेनिस बॉल. खालच्या प्लायला बॉलपेक्षा लहान व्यासाची भोकं पाडायची, म्हणजे बॉल घरंगळत नाहीत. वरचा प्लाय, किट आणि ड्रमर यांचं वजन मऊ बॉलवर तोललं की किकचा धक्का बॉलमध्ये मुरतो. वरचा भाग जितका जड आणि बॉल जितके मऊ, तितका खालच्या पट्टीचा धक्काही अडतो. म्हणून आपल्या टेनिस बॉल क्रिकेटमधला हेवी बॉल इथे घेऊ नका, तो फार कडक असतो. साधा लॉन टेनिसचा वापरलेला बॉल चालतो. वरचा प्लाय भिंतीला किंवा कपाटाला टेकता कामा नये. एका कोपऱ्याने जरी टेकला तरी धक्का तिथून पळतो. जाड गालिचा किंवा योगा मॅट याची जागा घेत नाहीत, कारण वजनाखाली त्या दबून कडक होतात.

हे सगळं झालं की बँडमधल्या एकाने खालच्या काकूंकडे जाऊन दहा मिनिटं बसावं आणि वर ड्रमरने नेहमीच्या जोरात वाजवावं. मोबाइलवरच्या डेसिबल अॅपपेक्षा हे मोजमाप खरं, आणि काकूही पुढचे सहा महिने तक्रार करत नाहीत.

ढोलकी, तबला, पेटी यांच्याबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. त्यांना हेडफोनच्या मागे दडवायची गरजच नसते. आपल्या घरांत संध्याकाळी पेटी-तबला वाजणं शेजाऱ्यांच्या कानाला सवयीचं आहे, आणि खिडक्या लावलेल्या खोलीतला एकटा तबला ड्रम किटच्या जवळपासही जात नाही. त्रास सुरू होतो तो इतर मोठ्याने वाजवतात आणि ढोलकीवाला त्यांच्या वर चढायला जातो तेव्हा. बाकीचे तारेत गेले की तो आपसूक हळू वाजवतो. त्याच्यासमोर माइक लावा आणि बाकीच्यांच्या हेडफोनमध्ये सोडा. दहानंतर वाजवायचं असेल तरच रोलँड हँडसॉनिकसारखं हाताने वाजवायचं पॅड घ्या. तबलजींना ते आवडणार नाही. मींड, घसीट असलं काही त्यावर नीट येत नाही, आणि त्यांचं म्हणणं बरोबर असतं.

ढोल-ताशा पथकांना या लेखात जागा नाही. त्यांना मैदान शोधण्यावाचून पर्याय नाही.

गायकाचा आवाज मात्र तारेत घालता येत नाही. माइक लावला तरी गळा हवेतच गातो. आणि ‘जरा हळू गा’ म्हटलं तर वरच्या सुरांवर गळा वेगळाच लागतो, मग सराव कशाचा झाला? त्यामुळे गायकाला खिडकीकडे पाठ करून, कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे किंवा गादी उभी केलेल्या भिंतीकडे तोंड करून उभं करा. बाहेर जाणारा आवाज त्याने थोडाच कमी होतो, पण खोलीतला घुमारा पुष्कळ कमी होतो आणि माइकमध्ये आवाज स्वच्छ येतो. उपलब्ध खोल्यांपैकी मधली, बाहेरच्या भिंतीला कमीत कमी टेकणारी खोली निवडा. खिडक्या बंद म्हणजे ऑक्टोबरात एसी आलाच, आणि एसीची घरघर संवेदनशील कंडेन्सर माइकमध्ये येते, म्हणून गायकाला शुअर एसएम-५८ सारखा साधा डायनॅमिक माइक पुरे.

कान हेडफोनने बंद झाले की गायकाला स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा, खर्जात फुगलेला ऐकू येतो. हाडांमधून आलेला आवाज बाहेर पडायला वाट न मिळाल्याने तसं होतं. बरेच जण वैतागून एका कानावरचा कप सरकवतात, मग दुसऱ्या कानाचा आवाज वाढवतात, आणि उघड्या कपातून गळणारा आवाज माइकमध्ये शिरतो. त्याऐवजी त्यांच्या हेडफोनमध्ये त्यांचाच आवाज पुरेसा वर आणा आणि त्यावर थोडा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, द्या. बहुतेकांची तक्रार तिथेच संपते.

यातून आपण मुख्य मुद्द्यावर येतो: कोणाच्या कानात काय जातं? इथे तीन पायऱ्या आहेत आणि बहुतेक बँड दुसऱ्या पायरीवर अडकतात.

पहिली पायरी, मिक्सरच्या एका हेडफोन आउटला स्प्लिटर. दोघांसाठी ठीक. चौघांना लावलं तर सगळ्यांचे हेडफोन एकाच अॅम्पवर समांतर जोडले जातात, आवाज पडतो आणि कोणाला जास्त कोणाला कमी येतो. दुसरी पायरी, हेडफोन अॅम्प्लिफायर. बेहरिंगरच्या एचए-४०० सारख्या छोट्या डबीत एक इनपुट आणि चार आउटपुट असतात, प्रत्येकाला आवाजाची वेगळी कळ. घासाघीस थोडी थांबते. पण आत जातो तो मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांचं मिश्रण, एकच. बेसवाल्याला किक हवा, गायकाला स्वतःचा गळा आणि पेटी, गिटारवाल्याला गिटार. प्रत्येक जण आपलं वाद्य ऐकू येईपर्यंत सगळंच वाढवत जातो.

तिसऱ्या पायरीवर प्रत्येकाला आपापला मिक्स मिळतो. स्वयंपाक एकच, ताटात काय किती वाढून घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. हे मिक्सरवरच्या ‘ऑक्स’ कळांनी होतं. प्रत्येक चॅनेलवर ऑक्स १, ऑक्स २ अशा कळा असतात आणि प्रत्येक ऑक्सचा स्वतंत्र आउट असतो. ऑक्स १ म्हणजे गायकाचं ताट, ऑक्स २ म्हणजे बेसवाल्याचं. जितके ऑक्स, तितके स्वतंत्र मिक्स. मिक्सर घेताना चॅनेल किती हे सगळे विचारतात, ऑक्स किती हे फारसं कोणी विचारत नाही, आणि हेडफोन सरावासाठी दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. शिवाय ते ऑक्स ‘प्री-फेडर’ होतात का हेही विचारा. फेडर म्हणजे चॅनेलचा आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ. प्री-फेडर ऑक्सवर तिचा परिणाम होत नाही, पोस्ट-फेडर असेल तर मुख्य फेडर हलवला की सगळ्यांच्या कानातला आवाज हलतो. स्वस्त मिक्सरमधला एकुलता एक ऑक्स बहुतेक वेळा इफेक्टसाठी असतो आणि पोस्ट-फेडरच असतो.

पाच-सहा जणांच्या बँडला आजच्या घडीला डिजिटल रॅक मिक्सर सगळ्यात सोपा पडतो. उदाहरणार्थ बेहरिंगर एक्सआर-१८ मध्ये १६ माइक इनपुट आणि ६ ऑक्स आहेत, आणि प्रत्येक जण आपल्या मोबाइलवरून आपला ऑक्स हाताळू शकतो. साउंडक्राफ्टच्या यूआय मालिकेत तर अॅपही लागत नाही, ब्राउझरवर चालतं. मिक्सर चालवायला वेगळा माणूस नको, ‘माझा आवाज वाढव रे’ ही हाक बंद. जॅमहब नावाचं यंत्र याच कल्पनेवर बेतलेलं होतं: गोलाकार पेटी, प्रत्येक वादकासमोर एक रंगीत भाग, त्यात त्याचा इनपुट, हेडफोनचा जॅक आणि इतरांच्या आवाजाच्या कळा.

इथे दोन सापळे आहेत. ऑक्स आउटला हेडफोन थेट चालत नाही, मधे अॅम्प लागतो, आणि एक इनपुट-चार आउटपुटवाली डबी इथे कुचकामी, कारण तिच्यात सगळे मिक्स वेगळे राहत नाहीत. एकेकाला कमरेला लावायचा छोटा अॅम्प घ्या, किंवा प्रत्येक चॅनेलला वेगळा इनपुट असलेला मोठा. दुसरा सापळा वायरचा. दुकानात ज्याला पी-३८ म्हणतात ती पिन मोनो आणि स्टिरिओ अशा दोन प्रकारची असते: एक काळी पट्टी म्हणजे मोनो, दोन म्हणजे स्टिरिओ. मोनो वायर हेडफोन अॅम्पच्या स्टिरिओ इनपुटला लावली की एकाच कानात आवाज. बॅलन्स्ड आउटमधून (त्यात एकच आवाज सुलटा आणि उलटा अशा दोन तारांतून जातो) स्टिरिओ वायर नेली तर दोन्ही कानांत उलट-सुलट लहरी जातात आणि आवाज पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो. मिक्सरच्या टोकाला मोनो आणि अॅम्पच्या टोकाला दोन्ही बाजू जोडलेली स्टिरिओ पिन, अशी वायर लॅमिंग्टन रोडवर कोणीही पाच मिनिटांत सोल्डर करून देतो.

ऑक्स मोनो ठेवले तर सहा जण भागतात, स्टिरिओ केले तर तीनच. मोनोमध्ये सगळी वाद्यं डोक्याच्या मध्यभागी गर्दी करतात. डावीकडे गिटार, उजवीकडे कीबोर्ड असं पसरलं की तेच सगळं कमी आवाजात स्पष्ट कळतं. मला विचाराल तर गायक आणि ड्रमरला स्टिरिओ द्यावा आणि बेसवाल्याने मोनोवर समाधान मानावं. तो तसाही समजूतदार असतो.

टॉवरमध्ये मोबाइलवरून मिक्सर चालवताना आणखी एक अडचण येते. प्रत्येक फ्लॅटमध्ये राउटर, त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा गच्च. मिक्सरचं अंगचं वाय-फाय याच पट्ट्यावर असेल तर मधेच संपर्क तुटतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर वायरने मिक्सरला जोडा.

हेडफोनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बंद पाठीचे, कानाला पूर्ण झाकणारे, वायरचे. उघड्या पाठीचे ऐकायला सुंदर असतात, पण आवाज बाहेर गळतो. ब्लूटूथ मात्र अजिबात नको, मग ते कितीही भारी असोत. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटर लांब उभ्या ड्रमरइतका. तेवढं कोणालाही चालतं. साध्या ब्लूटूथला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात, म्हणजे ड्रमर पन्नास ते सत्तर मीटर लांब, सोसायटीच्या गेटपाशी उभा. त्या ठेक्यावर कोणी वाजवू शकत नाही. लॅपटॉपमधून आवाज फिरवणार असाल तर सेटिंगमधला बफर (लॅपटॉप आवाज साठवून पुढे सोडतो तो तुकडा, जितका मोठा तितका उशीर) १२८ सॅम्पलच्या आसपास ठेवा.

कानात ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर सगळं सामान एकाच पॉइंटवरच्या चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा चोर तोच असतो. गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन काढून टाकणं हा जीवघेणा उद्योग आहे, तो कोणी करत असेल तर थांबवा. त्यासाठी डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असतं. पावसाळ्यात पिनांवर गंज चढतो आणि करकर सुरू होते. खाडीकाठच्या ऐरोली-वाशीकडे जास्तच. सामानाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

हेडफोन लावला की सगळे एकमेकांना बहिरे होतात. गाणं थांबलं की जो बोलतो त्याचं कोणालाच कळत नाही. म्हणून गाण्यांच्या मधे गायकाचे माइक बंद करू नका, आणि खोलीच्या मध्यावर एक साधा माइक फक्त बोलण्यासाठी ठेवा, सगळ्यांच्या मिक्समध्ये.

आणि आवाज किती ठेवायचा? अमेरिकेतील एनआयओएसएच या संस्थेच्या हिशोबाने ८५ डेसिबल आठ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. हेडफोन सरावाचा खरा फायदा इथे आहे, कारण जॅम रूममध्ये ड्रमरच्या शेजारी उभं राहिलं की हा हिशोब पहिल्या दोन-तीन गाण्यांतच संपतो. पण तोच फायदा वाया घालवणंही सोपं असतं. तासाभराने कान बधिर होतात आणि प्रत्येक जण हळूच कळ फिरवतो. सुरुवातीला लावलेल्या जागेवर कळेवर मार्करने खूण करा आणि तिच्या पुढे जायचं नाही असं ठरवा.

कार्यक्रम गडकरी रंगायतनला असो की वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात, तिथे इन-इअर (कानात घालायचे छोटे मॉनिटर) वापरणार असाल आणि तोच डिजिटल मिक्सर नेणार असाल, तर सरावातले सगळ्यांचे मिक्स सेव्ह करून तसेच उघडता येतात. फक्त हॉलच्या साउंडवाल्याशी आधी बोलून घ्या. तिथे पायाशी ठेवलेले मॉनिटर स्पीकर असणार असतील तर कार्यक्रमाआधी निदान एक सराव स्पीकरवर करा, कारण हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू येणारं अर्धं स्टेजवर हवेत विरतं. ड्रमरला त्या आठवड्यात खऱ्या किटवर दोन तास मिळायला हवेत. मेश पॅडवरून काठी खऱ्या स्नेअरपेक्षा जास्त उसळते, आणि खऱ्या झांजेवर हात आवरायची सवय महिनाभरात मोडलेली असते.